५१२ च्या भांड्यात ५३६

युटा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातल्या व्हॅक्स ८६०० या यंत्रावर रात्री साडेनऊच्या सुमाराला फारसं काम नसे. यंत्रावरचा भार सांगणारा आकडा तेव्हा १ च्या आसपास असायचा. तो ५ च्या वर गेला की समोर बसलेल्या माणसाला कामं रेंगाळू लागल्याचं जाणवे. २ नोव्हेंबर १९८८ च्या बुधवारी रात्री ८ वाजून ४९ मिनिटांनी या यंत्रात बाहेरून एक प्रोग्राम शिरला. ९.२१ ला भार ५ झाला, ९.४१ ला ७, १०.०१ ला १६. आणखी पाच मिनिटांत यंत्राला नवं कुठलंही काम हाती घेता येईना. व्यवस्थापकाने १०.२० ला सगळे घुसखोर शोधून मारून टाकले. एकवीस मिनिटांनी आकडा २७ वर होता. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. ११.२१ ला आकडा ३७.

त्या रात्री अमेरिकेतल्या कितीतरी संगणक विभागांत हेच चाललं होतं. मध्यरात्र उलटल्यावर नासाच्या एम्स केंद्रातून एक सूचना निघाली: इंटरनेटवरून आपल्यावर हल्ला होतोय, बर्कली, सॅन डिएगो, लिव्हरमोर, स्टॅनफर्ड आणि एम्स यांना झळ लागली आहे. अनेक ठिकाणी घाबरून जाळ्याच्या तारा उपसून काढल्या गेल्या. त्यामुळे रोग पसरायचा थांबला, पण औषधाची माहितीही पोचेनाशी झाली.

हा प्रोग्राम पुढे ‘मॉरिस वर्म’ म्हणून ओळखला गेला. तो लिहिणारा रॉबर्ट टॅपन मॉरिस तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला होता. तेविसावा वाढदिवस सहा दिवसांवर आला होता. आपला माग लागू नये म्हणून त्याने तो एमआयटीतल्या एका यंत्रावरून सोडला. फाइली पुसाव्यात, काही चोरावं, असा एकही आदेश त्यात नव्हता. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायचं, तिथे आपली प्रत आधीच असेल तर बहुतेक वेळा माघार घ्यायची, असा बेत होता. पण कुणी खोटीच ‘प्रत’ उभी करून त्याला फसवू नये म्हणून दर सातांतल्या एका खेपेला त्याने माघार न घेता ठाण मांडायचं ठरवलं होतं. सातांत एक हे प्रमाण फारच जास्त निघालं. एकेका यंत्रावर प्रतींचे थर चढत गेले आणि त्यांच्या ओझ्याखाली यंत्रं बसली. ६,००० यंत्रं बाधित झाली असं सगळीकडे छापून आलं. तो अंदाज होता. मोजदाद कुणीच केली नव्हती.

आत शिरायला त्याच्याकडे अनेक वाटा होत्या. टपाल पोचवणाऱ्या सेंडमेल प्रोग्राममध्ये चाचणीसाठी ठेवलेलं एक दार उघडंच राहिलं होतं. एका यंत्राने दुसऱ्यावर डोळे झाकून विश्वास टाकायची सोय होती. लोकांचे पासवर्ड ओळखायला ४३२ शब्दांची यादी त्याने सोबत घेतली होती. पण संगणकाच्या इतिहासात ज्या वाटेचा सर्वांत लांबचा परिणाम झाला, ती याहून कितीतरी साधी होती. बाहेरून आलेली एक ओळ वाचायची, एवढंच काम असलेला एक चिमुकला प्रोग्राम.

त्याचं नाव फिंगरडी. ‘फिंगर’ हा संगणकांच्या जगातला जुना शेजारधर्म. १९७१ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी तो लिहिला. सहकारी कामावर कोण आहे हे पाहायला यादीवरून बोट फिरवत खाली जात, त्यावरून हे नाव पडलं. पुढे जाळं पसरलं तसं दूरच्या यंत्रालाही विचारता येऊ लागलं: अमुक माणूस तुमच्याकडे आहे का, त्याचं पूर्ण नाव काय, शेवटचा कधी येऊन गेला? असा प्रश्न आला की उत्तर द्यायला प्रत्येक यंत्रावर फिंगरडी जागा असे. तो आलेली ओळ वाचायचा, ती खऱ्या फिंगर प्रोग्रामच्या हवाली करायचा आणि उत्तर परत पाठवायचा. ओळ ठेवायला त्याने ५१२ बाइटांची जागा राखली होती. माणसाचं नाव आठ-दहा अक्षरांचं. ५१२ म्हणजे चंगळच.

ओळ वाचायला त्याने सी भाषेच्या ग्रंथालयातलं ‘गेट्स’ हे फंक्शन वापरलं होतं. ‘गेट स्ट्रिंग’ या शब्दांचा हा आखूड केलेला अवतार. गेट्सला एकच गोष्ट सांगावी लागे: वाचलेली अक्षरं कुठे ठेवायची. तिथे किती मावतील हे त्याला सांगायची सोयच नव्हती. ओळ संपल्याची खूण दिसेपर्यंत ते एकेक अक्षर उचलून पुढच्या पुढच्या घरात ठेवत जाई.

गिरणीत दळणाचा डबा भरला आणि पट्टा थांबवायचा राहिला, तर पीठ जमिनीवर सांडतं. संगणकाच्या मेमरीत मोकळी जमीन नसते. एका डब्याला लागून दुसरा डबा असतो आणि त्यात कुणाचं तरी काही ठेवलेलं असतं. फिंगरडीच्या ५१२ घरांपलीकडे ठेवलेलं होतं ते फार मोलाचं होतं: हातातलं काम संपलं की यंत्राने कुठे परतायचं, तो पत्ता.

मॉरिसच्या प्रोग्रामने ५१२ घरांसाठी ५३६ बाइटांची ओळ पाठवली. पहिले ४०० बाइट म्हणजे व्हॅक्सला ‘काही करू नको, पुढे चल’ असं सांगणारी एकच आज्ञा ४०० वेळा. त्यानंतर आज्ञांचा छोटासा पुंजका: चालू प्रोग्राम टाकून दे आणि त्याच्या जागी युनिक्स या कार्यप्रणालीचा आज्ञा घेणारा शेल सुरू कर. शेवटचे २४ बाइट घराबाहेर सांडण्यासाठीच बेतलेले होते. परतीच्या पत्त्यावर ते अचूक बसले आणि नवा पत्ता देऊन गेले. तो पत्ता होता त्याच ओळीच्या पोटातला. फिंगरडी आपलं काम संपवून परतायला निघाला आणि पाहुण्याने लिहून आणलेल्या आज्ञा आपल्याच समजून पाळू लागला. दूर बसलेल्या वर्मला त्या यंत्राचा शेल आयता हातात मिळाला.

ही युक्ती फक्त व्हॅक्सवर चालली. सन कंपनीच्या यंत्रांची आज्ञांची भाषा वेगळी, मेमरीची मांडणी वेगळी. तिथे तीच ओळ गेली की फिंगरडी कोलमडून पडायचा, एवढंच.

गेट्सचं मूळ शोधायचं तर मागे जावं लागतं, आणि पहिला मुक्काम पुठ्ठ्यापाशी पडतो. १९५०-६० च्या दशकांत बहुतेक मोठ्या यंत्रांना मजकूर मिळायचा तो पंच कार्डांवरून. आयबीएमच्या कार्डावर ८० रकाने असत. ८१ वं अक्षर टोचायला पुठ्ठ्यावर जागाच नव्हती. ओळ किती लांब येईल, हा प्रश्न प्रोग्राम लिहिणाऱ्याला पडत नसे. कार्ड छापणाऱ्याने तो आधीच सोडवलेला असे.

बेल लॅब्जच्या न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या इमारतीत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली, तेव्हा त्यांनी हे रकाने मोडून टाकले. जुलै १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात फाइलची कल्पना अगदी उघडीवाघडी मांडलेली आहे: फाइल म्हणजे बाइटांची सलग रांग, तिला रकाने नाहीत, ठराविक मापाच्या नोंदी नाहीत. ओळ कुठे संपते हे त्या रांगेतच एका चिन्हाने कळतं. एका प्रोग्रामच्या तोंडातून निघालेलं दुसऱ्याच्या कानात थेट ओतता येणं, टर्मिनल असो वा टेप, सगळं एकाच रीतीने वाचता येणं, हे सारं वैभव त्या एका निर्णयातून आलं. पण पुठ्ठ्याने आपोआप पाळलेली मर्यादाही त्याबरोबर गेली. आता ओळ कितीही लांब असू शकत होती. ती ठेवायची भांडी मात्र पूर्वीइतकीच, किंबहुना आणखी लहान होती. पीडीपी-११ वर एका प्रोग्रामला ६४ किलोबाइटांच्या पत्त्यांतच सगळा संसार करावा लागे.

थॉम्पसन आणि रिची यांना या धोक्याची जाण नव्हती असं म्हणता येत नाही. युनिक्सच्या गाभ्यातलं वाचनाचं मूळ फंक्शन आहे ‘रीड’. ते पहिल्यापासून तीन गोष्टी विचारतं: कुठून वाचू, कुठे ठेवू, जास्तीत जास्त किती? वाचून झाल्यावर प्रत्यक्षात किती बाइट हाती लागले तो आकडा सांगतं. शून्य म्हणजे मजकूर संपला. तळाशी इतका चोख हिशेब होता. तो सुटला वरच्या मजल्यावर, सोयीसाठी बांधलेल्या ग्रंथालयात.

तो वरचा मजला माइक लेस्क यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात उभा करायला घेतला. पुढे रिचींनी तो नव्याने बांधला आणि युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीतून तो जगभरच्या विद्यापीठांत गेला. त्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत ज्या पानावर गेट्स आहे, त्याच पानावर ‘एफगेट्स’ही आहे. एफगेट्स भांड्याचं माप विचारतं. गेट्स विचारत नाही. दोन्ही शेजारी शेजारी उभी. पानाच्या तळाशी दोषांचा रकाना आहे. त्यात नोंदवलेला दोष एवढाच की गेट्स ओळीच्या शेवटचं चिन्ह काढून टाकतं आणि एफगेट्स ते ठेवतं, जुन्या प्रोग्रामांची सोय म्हणून. भांडं भरून वाहील याबद्दल एक अक्षर नाही.

ते पान वाचताना चाळीस वर्षांनंतरचा शहाणपणा घेऊन बसणं सोपं आहे. त्या इमारतीत यंत्राशी बोलणारी माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती. समोर टेलिटाइप. त्यावर बसून कुणी एका दमात पाचशे अक्षरांची ओळ का टंकित करील? खुद्द त्या काळच्या ‘ईडी’ या संपादकातही ओळीची मर्यादा ५१२ होती. आणि समजा भांडं सांडलंच, तर प्रोग्राम पडेल. ज्याने सांडलं त्याचाच पडेल. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला भिऊन कुणी लिहीत नव्हतं. त्याच फंक्शनसमोर एक दिवस दारापलीकडून, अनोळखी यंत्रावरून ओळी येऊ लागतील, हे तेव्हाच्या घराच्या आराखड्यातच नव्हतं.

इशारा मात्र दिलेला होता. ऑक्टोबर १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी संगणक सुरक्षेवर एक मोठा अहवाल लिहिला. वापरणाऱ्याकडून आलेला मजकूर ठेवताना जागेची मर्यादा तपासली नाही, तर त्या मजकुरातून यंत्रात परक्या आज्ञा पेरता येतात, हे त्यात स्पष्ट मांडलेलं आहे. सी भाषा आकार घेत होती ते हेच वर्ष. हवाई दलाच्या कपाटातला अहवाल आणि मरे हिलमधलं ग्रंथालय यांची गाठ पडली नाही.

आणखी एक गाठ या कहाणीत आहे. मॉरिसचे वडील, त्यांचंही नाव रॉबर्ट मॉरिस, १९८६ पर्यंत बेल लॅब्जमध्ये होते. युनिक्सचे पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवण्याची पद्धत त्यांचीच. १९७९ मध्ये थॉम्पसन यांच्यासोबत त्यांनी पासवर्डच्या सुरक्षेवर लिहिलेला लेख आजही वाचला जातो. १९८८ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या संगणक सुरक्षा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ होते. मुलानेही १९८५ मध्ये बेल लॅब्जमध्ये बसून बर्कली युनिक्सच्या जाळ्यातल्या एका उणिवेवर टिपण लिहिलं होतं. ज्या घराच्या भिंती बापाने मजबूत केल्या, त्याच घराच्या फटी मुलाला लहानपणापासून ठाऊक होत्या.

३ नोव्हेंबरच्या पहाटे बर्कली आणि एमआयटी या दोन्ही ठिकाणी माणसं वर्मची पकडलेली प्रत उलगडायला बसली. तिचा मूळ मजकूर कुणाकडेच नव्हता. यंत्राच्या आज्ञांवरून सी भाषेतलं रूप एकेक ओळ मागे रचत न्यायचं होतं. एमआयटीच्या मार्क आयकिन आणि जॉन रॉक्लिस यांनी नंतर लिहिलेल्या अहवालाच्या शीर्षकात सूक्ष्मदर्शक आणि चिमटा आहेत, ते उगीच नाही. पर्ड्यूमध्ये यूजीन स्पॅफर्ड आणि युटामध्ये डॉन सीली स्वतंत्रपणे त्याच कामाला लागले. बर्कलीहून कीथ बॉस्टिक यांनी दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. फिंगरडीची दुरुस्ती एका ओळीची होती: गेट्स काढा, एफगेट्स घाला आणि त्याला भांड्याचं माप सांगा.

ही गोष्ट त्या रात्रीच कुणीतरी सांगितली होती, याची हळहळ वाटते. हार्वर्डमधला मॉरिसचा मित्र अँडी सडथ याने पहाटे ३.३४ ला नाव न देता एक सूचना पाठवली. तीन उपाय होते. त्यातला पहिलाच फिंगरडी बंद करण्याचा किंवा तो ओळ वाचताना सांडणार नाही असं करण्याचा. पण जाळंच तुंबलेलं. ती सूचना दिवसभराहून अधिक काळ वाटेतच पडून राहिली. लोकांपर्यंत पोचली तोवर त्यांनी स्वतःच रोग ओळखला होता.

मॉरिसचं नाव न्यूयॉर्क टाइम्सच्या जॉन मार्कॉफ यांनी छापलं. एका ओळखीच्या माणसाच्या तोंडून ‘आरटीएम’ ही आद्याक्षरं निसटली होती. ती कुणाची हे मार्कॉफ यांनी शोधलं ते फिंगरलाच विचारून. जानेवारी १९९० मध्ये सिरॅक्यूजच्या न्यायालयात ज्युरीने मॉरिसला दोषी ठरवलं. १९८६ च्या संगणक गुन्हेविषयक कायद्याखाली ज्युरीपुढे खटला चालून दोषी ठरलेला तो पहिला माणूस. तुरुंगवास झाला नाही. तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला.

वर्मच्याच वर्षी, १९८८ च्या शरद ऋतूत, या सगळ्याशी काहीही संबंध नसताना, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात एक वादळी रात्र उगवली होती.

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरी बसून टेलिफोनच्या तारेवरून विद्यापीठाच्या यंत्रावर काम करत होते. पाऊस कोसळत होता. विजेच्या कडकडाटाबरोबर तारेत खरखर शिरायची आणि पडद्यावर त्यांनी न दाबलेली अक्षरं उमटायची. त्यांना आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही भलतीच अक्षरं मध्ये घुसली की रोजच्या वापरातले, नावाजलेले युनिक्स प्रोग्राम पटापट कोलमडत होते. त्यांनी ‘असलं काही वाचता येत नाही’ असं सांगायला हवं होतं. ते सरळ मरून पडत होते.

दुसऱ्या एखाद्या माणसाने टेलिफोन कंपनीला दोष देऊन झोप काढली असती. मिलर यांनी त्या पावसाचा अभ्यासक्रम केला. वर्गातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला: निव्वळ अर्थहीन, कशीही पडलेली अक्षरं अखंड ओतत राहणारा एक प्रोग्राम लिहा, आणि युनिक्सच्या एकेका साधनाच्या तोंडाशी तो लावून बघा काय होतं ते. त्या प्रोग्रामचं नाव त्यांनी ‘फझ’ ठेवलं. आज सॉफ्टवेअर तपासण्याची एक संपूर्ण शाखा त्या नावाने चालते.

निकाल डिसेंबर १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. सात प्रकारच्या युनिक्सवर ८८ साधनं तपासली होती. प्रत्येक प्रकारात त्यांतली पाव ते एकतृतीयांश एक तर कोलमडली, नाही तर कायमची अडकून बसली. कारणांच्या यादीत गेट्स नावानिशी आहे, वर्मचा उल्लेखही आहे. पण यादी तिथे संपत नाही, आणि मिलर यांच्या कामाचं मोल याच तपशिलात आहे. भांड्याच्या टोकापलीकडे लिहिणं हा सर्वांत मोठा गुन्हा खरा. त्याबरोबर वाचन फसलं की नाही हे फंक्शनने परत दिलेल्या आकड्यावरून न तपासणं होतं, चूक झाल्याचं कळूनही पुढे रेटणं होतं, आणि एक दोष असा होता की तो इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या सहसा लक्षातही येत नसे.

मराठी वाचकाला तो दोष समजून घ्यावासा वाटेल. सी भाषेत एका बाइटात ० ते २५५ यांपैकी एखादा आकडा मावतो. इंग्रजीची सगळी अक्षरं १२७ च्या आत संपतात. अनेक यंत्रांवर मात्र त्याच बाइटाकडे ‘उणे १२८ ते अधिक १२७’ अशा नजरेने पाहिलं जाई. त्यामुळे १२७ च्या वरचं कुठलंही अक्षर आलं की प्रोग्रामला ते ऋण संख्या वाटे. अशी संख्या घेऊन एखाद्या कोष्टकातलं घर शोधायला गेलं की पाऊल कोष्टकाच्या आधीच्या, परक्या जागेवर पडे. आणि २५५ आला तर तो उणे १ वाटे. उणे १ ही तर मजकूर संपल्याची खूण. फाइल अर्धी असतानाच प्रोग्राम ‘संपली’ म्हणून उठून जाई. मिलर यांच्या फझने अशी अक्षरं योगायोगाने ओतली. भारतात ती रोज ओतली जाणार होती. १९९१ च्या भारतीय मानकातल्या ‘इस्की’ संकेतात देवनागरी बसवली होती ती १२८ च्या वरच्याच आकड्यांवर. आजच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे.

१९९० च्या निकालानंतर मिलर यांनी सापडलेल्या दोषांची यादी सगळ्यांना खुली केली. पाच वर्षांनी त्यांच्या गटाने तीच चाचणी पुन्हा घेतली. १९९० मध्ये कळवलेल्या दोषांपैकी सुमारे ४० टक्के जसेच्या तसे जागेवर होते. नामवंत कंपन्यांच्या युनिक्समध्ये कोलमडणाऱ्या साधनांचं प्रमाण १५ ते ४३ टक्के निघालं. सर्वांत कमी पडझड झाली ती ग्नू प्रकल्पाच्या, फुकट वाटल्या जाणाऱ्या साधनांत. त्यामागे नशीब नव्हतं. ग्नूच्या लेखननियमांतच लिहिलेलं होतं की ओळीची, फाइलच्या नावाची, कशाचीच मनाने ठरवलेली मर्यादा ठेवू नका. मजकूर वाढेल तशी जागा मागून घ्या. त्याच विचारातून त्यांच्या ग्रंथालयात ‘गेटलाइन’ हे फंक्शन आलं. ओळ भांड्यापेक्षा मोठी निघाली तर ते भांडंच मोठं करून आणतं. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या २००८ च्या पॉझिक्स मानकात त्याला जागा मिळाली.

गेट्सचं काय झालं? १९८९ साली सी भाषेचं पहिलं अमेरिकी मानक तयार झालं तेव्हा वर्मला वर्ष उलटून गेलं होतं. तरी गेट्स त्यात राहिलं. चालू असलेले हजारो प्रोग्राम एका फटक्यात बेकायदा ठरवायचे नाहीत, हे समितीचं जुनं तत्त्व. ते चूक म्हणता येत नाही. तरी या एका फंक्शनबाबत ते तत्त्व मनाला लागतं. बाकीची फंक्शनं निष्काळजीपणे वापरली तर घात करतात. गेट्स कितीही काळजीने वापरलं तरी सुरक्षित होत नाही, कारण काळजी घ्यायची जागाच त्याच्या रचनेत ठेवलेली नाही. समोरून येणारी ओळ केवढी असेल हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं, आणि भांडं केवढं हे गेट्सला कळत नाही.

मानक हलेना तेव्हा कारागिरांनी आपल्या हातात होतं ते केलं. बर्कलीच्या ग्रंथालयात गेट्सच्या आतच एक वाक्य पेरलं गेलं: प्रोग्रामने पहिल्यांदा गेट्सला बोलावलं की पडद्यावर उमटायचं की हा प्रोग्राम गेट्स वापरतो आणि ते असुरक्षित आहे. ग्नूच्या साधनांनी प्रोग्राम जोडतानाच बजावायला सुरुवात केली की हे धोक्याचं आहे, वापरू नये. फंक्शन जिवंत ठेवून त्याच्या गळ्यात पाटी अडकवलेली.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र ही पाटी दिसत नव्हती. तिथे १९९० च्या दशकात आणि पुढेही कितीतरी वर्षं निळ्या पडद्याचं टर्बो सी चालत असे. विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात नाव विचारणारा प्रोग्राम लिहायला सांगत. ‘स्कॅनएफ’ने वाचलं तर ‘सुनील गावसकर’मधला सुनील तेवढा हाती येई, मोकळी जागा दिसताच ते थांबे. मग कुणीतरी कानात सांगे, गेट्स वापर, पूर्ण नाव येतं. पूर्ण नाव यायचंही. प्रात्यक्षिकाच्या वहीत तो प्रोग्राम सहीनिशी पास व्हायचा. २५ घरांच्या जागेत तीस अक्षरांचं नाव भरलं तर शेजारच्या चलाचा आकडा का बदलतो, हे कोडं काही चौकस मुलांना पडायचं आणि बहुधा अनुत्तरितच राहायचं. या मुलांची चूक नव्हती. त्यांना शिकवणाऱ्यांनीही ते तसंच शिकलेलं होतं, आणि मानकाचा शिक्का त्या फंक्शनवर होता.

नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘अलेफ वन’ या टोपणनावाने लिहिलेला एक लेख फ्रॅक या अनियतकालिकाच्या ४९ व्या अंकात आला. स्टॅकवरचं, म्हणजे परतीच्या पत्त्याजवळचं, भांडं सांडून यंत्राचा ताबा कसा घ्यायचा, याचा तो सोदाहरण, पायरीपायरीचा धडा होता. १९८८ मध्ये जे एका हुशार विद्यार्थ्याने केलं, ते आता कुणालाही बसल्या जागी शिकता येत होतं.

मानकाची समिती २००७ साली हलली. सी भाषेच्या १९९९ च्या मानकाला तिसरी दुरुस्ती जोडताना गेट्स कालबाह्य ठरवलं गेलं. डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मानकात ते नव्हतं. मानकातून एखादं फंक्शन समूळ काढून टाकणं ही सी भाषेत जवळजवळ न घडणारी गोष्ट. डेनिस रिची त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. वर्मच्या रात्रीपासून तेवीस वर्षं झाली होती.

गेट्स गेलं म्हणून वाचन निर्धोक झालं असं मात्र नाही, आणि तळाशी काम करणाऱ्यांना ते रोज दिसतं. एफगेट्स भांडं सांडू देत नाही, पण लांब ओळ आली तर तिचा मावेल तेवढा तुकडा देऊन थांबतं. उरलेला तुकडा पुढच्या खेपेला नवीच ओळ असल्यासारखा समोर येतो. शेवटचं चिन्ह आलं का हे पाहिलं नाही, तर एका ओळीच्या दोन होतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. शिवाय ते बाइट मोजतं, अक्षरं नाही. ५१२ च्या भांड्यात देवनागरीची १७० चिन्हं मावतात. पुढच्या चिन्हाचा एखादा बाइट अलीकडे आणि उरलेले पलीकडे, अशी मराठी ओळ मधोमध चिरली जाते आणि दोन्ही बाजूंना चौकोन किंवा प्रश्नचिन्हं उमटतात.

मूळच्या रीडचाही एक करार आहे. तो १९७० च्या दशकापासून बदललेला नाही, तरी पुन्हा पुन्हा विसरला जातो. रीडला ४,०९६ बाइट मागितले तर ते ४,०९६ देईलच असं नाही. आत्ता हाती आहे तेवढं ते देतं. डिस्कवरची साधी फाइल वाचताना मागितलेलं सगळं बहुधा एकाच खेपेत मिळतं, म्हणून लिहिणारा निर्धास्त होतो. तोच प्रोग्राम पाइपला किंवा जाळ्याला लावला की कधी १,४४८ येतात, कधी ७. मध्येच एखादा सिग्नल आला तर एकही बाइट न देता ‘व्यत्यय आला, पुन्हा विचार’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून अनुभवी माणूस रीड नेहमी एका फेऱ्यात बसवतो: आलेला आकडा पाहा, हवं तेवढं भरलं नसेल तर उरलेलं माग, शून्य आला तर संपलं समज, व्यत्यय असेल तर पुन्हा विचार, खरी चूक असेल तर थांब आणि तसं सांग. आठ-दहा ओळींचं हे काम आहे. लिहिणाऱ्याच्या टेबलावर बसून ते तपासताना बहुतेक वेळा पहिल्याच खेपेत सगळं मिळतं, त्यामुळे फेरा नसला तरी प्रोग्राम बरोबरच चालल्यासारखा दिसतो. उणीव उघडी पडते ती दूरच्या गावी, संथ जोडणीवर, कामाच्या ऐन गर्दीत.

टर्बो सीच्या त्या प्रयोगशाळेतली जुनी वही आज कुणी उघडली, नाव विचारणारा तो प्रोग्राम जसाच्या तसा ग्नूच्या नव्या जीसीसी कंपायलरला दिला, तर गेट्सच्या ओळीशी तो अडतो. हे फंक्शन जाहीर केलेलं नाही, असं सांगतो आणि पुढे विचारतो: तुम्हाला एफगेट्स म्हणायचंय का? लिनक्सच्या ग्रंथालयात गेट्सचा कोड मात्र अजून आहे. शीर्षफाइलीत त्याचं नाव नव्या मानकाच्या प्रोग्रामांपासून झाकलेलं आहे, त्यांना ते सापडत नाही. कधीकाळी जोडून ठेवलेले जुने प्रोग्राम चालावेत म्हणून ते आत ठेवलेलं आहे, आणि त्यांच्यापैकी कुणी हाक मारली तर ओळीचा शेवट येईपर्यंत ते एकेक अक्षर उचलून पुढच्या घरात ठेवत जातं.